बारीक तारेचा पिकप

आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती. आप्पांचा धंदा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. दुकान नारायणगावात आणि घर वारूळवाडीत, पण दुकानात मावेना म्हणून निम्मं दुकान घरातच. ओसरीवर कर्ण्यांचा ढीग, पडवीत बॅटऱ्यांची रांग, आणि मागं परसात त्या चार्ज करायचं तेलाचं इंजिन दिवसभर धडधडायचं. त्याच्यावर आवाज चढवल्याशिवाय साधं "मीठ दे" म्हणता येत नसे, आणि एकदा आवाज चढला की मिठावरूनसुद्धा भांडण लागायचं. बॅटरीतल्या ॲसिडचा वास पाण्याच्या हंड्याला, अंथरुणांना, आईच्या केसांनाही यायचा. माझ्या एकूण एक परकराला ॲसिडची भोकं पडलेली. आई मासवडी करायला बसली की तेवढा वेळ मात्र घरात दुसराच वास असे. ओल्या फडक्यावर बेसन थापायची, त्यात तीळखोबऱ्याचं सारण भरायची, आणि वड्या कापताना ज्याच्यावर राग असेल त्याच्याकडं बघत सुरी चालवायची. बहुतेक वेळा ती माझ्याकडंच बघत असे.

गिटार आप्पांनी खडकीच्या लष्करी लिलावातून आणली. गेले होते कर्णे बघायला. गोऱ्या सोल्जरांचं जे सामान मागं राहिलं होतं त्यातल्या एका पेटीत ही निघाली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. भोपळा नाही, पोकळ पेटी नाही, नुसती भरीव फळी आणि तिच्यावर सहा पोलादी तारा. डाव्या हातानं तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. आई तिला "पाट" म्हणायची, आणि पिकप नसेल तर ती खरंच पाट होती. पिकप म्हणजे तारांखाली बसवलेला लोहचुंबक आणि त्याच्याजवळ तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार थरथरली की गुंडाळीत अगदी क्षीण वीज उठते, ती वायरीनं ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत मशिनीत, जाते, तिथं बळ धरते, आणि कर्ण्यातून सूर होऊन बाहेर पडते. आता आमच्याकडं पिकप म्हटलं की टोमॅटो वाहणारी गाडी. परवा नातवाला सांगायला गेले, की माझ्या पिकपवरून घरात हाणामारी झाली होती, तर म्हणतो, "आजी, तेव्हा गाडी होती तुमच्याकडं?" कपाळ माझं!

शिकवायला कुणी नव्हतं. रेडिओवर ऐकायचं, आप्पांच्या तबकड्या ऐकायच्या, आणि कांडी सरकवत सूर शोधायचा. कांडीनं सूर ओढता येतो, म्हणून माणसाच्या बोलण्याची नक्कल फार झकास होते. आईची "ए भवाने, मेलीस का गं" ही हाक मी हुबेहूब वाजवायचे, आणि आई लाटणं घेऊनच बाहेर यायची. वर्षा-दोन वर्षांत हात असा बसला की रस्त्यानं जाणारी माणसं ओसरीशी थांबायला लागली. मग आप्पांच्या आणि दादाच्या डोक्यात धंदा शिरला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंता. लग्नात तबकड्या सगळेच वाजवतात, आपण गिटार वाजवू, असं त्याचं म्हणणं. पण गिटार वाजवणार मी, आणि गाव आमचं तमाशाचं. फडांना कर्णे आम्हीच पुरवायचो, त्या बायांच्या गाण्यावर आमची चूल पेटायची, आणि घरची पोरगी बाजा घेऊन लोकांत बसली तर अब्रू जाईल म्हणून हे दोघे बाप-लेक थरथरायचे. ढोंगी कुठले! आजही लिहिताना माझं रक्त तापतंय.

त्यांनी काढलेली तोड अशी. लग्नघरातल्या आतल्या खोलीत मी आणि आई बसायचं, दाराला आतून कडी लावायची. गिटारीची वायर खिडकीतून बाहेर काढून, परसातून, भिंतीच्या कडेनं पार मांडवातल्या ॲम्प्लिफायरपर्यंत न्यायची. सूर मांडवात आणि मी धान्याच्या कणग्यांमध्ये. कोण वाजवतंय म्हणून कुणी विचारलं की दादा छाती काढून सांगायचा, "मुंबईचे मास्तर हायेत. लोकात बसत न्हाईत." आई आणि मी म्हणजे मास्तरांच्या घरची माणसं. लोकांना ते खरंच वाटायचं. यजमान मास्तरांसाठी वेगळं ताट वाढायचे, लापशीवर तुपाची धार जास्त, आणि दादा ते झाकून आत आणून द्यायचा. ते ताट मी खायचे. गोड लागायचं, खोटं कशाला सांगू, पण घास गिळताना संताप यायचा. शेवटी मास्तरांच्या मानाचा फेटा निघायचा, तो मास्तरांच्या वतीनं दादाच्या डोक्यावर बसायचा. घरात खुंटीवर अशा फेट्यांची रांग लागली होती, आणि दादा ते बाजाराला जाताना आलटून पालटून बांधायचा. मला फेटा नको होता. मला मांडवात बसायचं होतं. माझं तोंड, माझे हात लोकांना दिसायला हवे होते आणि वाजवणारी ही आहे हे लोकांना कळायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी घरातल्या सगळ्यांशी भांडत होते.

त्या पावसाळ्यात पिकप मेला. दादानं गिटार उचलून बॅटऱ्यांच्या रांगेत ठेवली होती, आणि ॲसिडच्या वाफेनं गुंडाळीची तार हिरवी पडून आतल्या आत तुटली. मी ओरडले, "मुद्दाम केलंस तू!"

"मला येड लागलंय व्हय? धंदा कुणाचा बुडाला?"

"धंदा तुझा, फेटा तुझा, आन बोटं तेवढी माझी!"

तो म्हणाला, "बोटं लई चालाया लागली म्हंजी छाटावी लागत्यात." मी हातातली कांडी फेकून मारली. ती त्याला न लागता कर्ण्याला लागली. त्या कर्ण्याला पडलेला पोचा शेवटपर्यंत तसाच होता, आणि तो बघितला की मला बरं वाटायचं.

नवी गुंडाळी करून देईल असा माणूस आसपास एकच होता, जुन्नरचा याकूबचाचा. ग्रामोफोन दुरुस्त करायचा, मोटारी-पंख्यांच्या गुंडाळ्या भरायचा. पूर्वी त्याची आणि आप्पांची भागीदारी होती. मग एका जत्रेत माईक कुणी फोडला यावरून वाजलं, आणि तेव्हापासून आप्पा त्याचं नावही घेत नसत, "त्यो जुन्नरचा" म्हणत. पण अडला हरी. गिटार गोधडीत गुंडाळून आम्ही एस.टी.नं जुन्नरला गेलो.

दुकानाची पायरी चढतो न चढतो तोच चाचा म्हणाला, "अरे, जिता हायेस? मला वाटलं, गेलास."

"तुला पोचवल्याबिगर कसा जाईन?" आप्पा म्हणाले आणि न विचारता स्टुलावर बसले.

चाचानं गिटार उघडली, मोडका पिकप काढला, नाकाशी नेला. "ॲसिड. तुझ्या घरात माणसं कशी जगत्यात, मला कळत न्हाई." जुने चुंबक चांगले होते. त्यांच्यावर बसेल अशी गुंडाळी आठ दिवसांनी देतो म्हणाला. आठ दिवसांनी गेलो तर त्यानं दोन करून ठेवल्या होत्या. शिवणयंत्राचं हातचाक फिरवून त्यानं त्या भरल्या होत्या. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, वेढेच वेढे. "तुझ्या बापाला विचारलं आसतं तर भांडला आसता," तो मला म्हणाला, "म्हून दोन्ही केल्या. वाजव आन निवड."

दुकानातच बसून वाजवल्या. जाड तारेचा पिकप आमच्या जुन्यासारखाच, सरळ आणि कोरडा. बारीक तारेचा बसवला आणि पहिलीच तार छेडली, तर अंगावर काटा आला. केवढा तो सूर! कांडी सरकेल तसा मागं रेंगाळत येत होता, विझता विझत नव्हता. दुकानासमोर माणसं गोळा झाली. तशी आप्पांची अब्रू जागी झाली. म्हणाले, "आत जाऊन बस." आत म्हणजे दुकानामागं चौक, आणि चौकापलीकडं चाचाचं घर. मी चाचीजवळ जाऊन बसले, चाचानं लांब वायर चौकातून दुकानातल्या ॲम्प्लिफायरपर्यंत ओढली, आणि मी पुन्हा तोच बारीक तारेचा पिकप वाजवला. दुकानातून जो आवाज आला तो गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा. मला वाटलं, बिघडला. मग चाचानं जाड तारेचा लावला, आणि तो लांब वायरीवरही जसाच्या तसा बोलला.

चाचा चौकात उभा राहून म्हणाला, "बेटी, बारीक तारेला लांब वायर सोसत न्हाई. सूर वायरीतच मरतो. तुला कुठं बसून वाजवायचंय ते आधी ठरव, मंग पिकप निवड."

हे तो माझ्या कानात बोलला नव्हता. आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला होता. आणि आप्पांनी ऐकलंही. ते तिथूनच गरजले, "वायर मला शिकवतो का? मैलभर वायर टाकून कर्णा बोलवलाय मी!"

"ती कर्ण्याकडची वायर, गाढवा! तिथं मशिनीचं बळ आसतं. हितं बोटाचं बळ हाय निसतं!"

"गाढव कुणाला म्हणतो रं?"

झालं! माईक कुणी फोडला इथपासून पुन्हा सुरू. चाचीनं माझ्या हातात चहाची बशी दिली आणि कपाळावर हात मारला. त्या दिवशी आप्पांना खरं काय ते फुकट सांगितलं गेलं होतं, पण सांगणारा वैरी होता, म्हणून ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. दोन्ही गुंडाळ्या घेऊन आम्ही परत निघालो. एक ठेवायची, दुसरी परत पाठवायची, असं ठरलं. एस.टी.त आप्पा वाटभर त्या माणसाला शिव्या देत होते. मी गिटार मांडीवर धरून बसले होते. मला कुठं बसून वाजवायचंय ते माझं कधीच ठरलेलं होतं.

घरी आप्पांनी परीक्षा लावली. त्यांच्याकडं कुठल्याही वस्तूची परीक्षा एकच, किती लांब ऐकू जातं. कर्णा लिंबाला टांगायचा आणि कुणीतरी सायकलीवरून लांब लांब जायचं. ऐकू येतंय तोवर कापड हलवायचं, बंद झालं की थांबायचं. दादा गेला. ॲम्प्लिफायर ओसरीवर माझ्या गुडघ्याशी, गिटारीची वायर हातभर. कर्ण्यापुढचं अंतर मोजायला दोघे निघाले होते, गिटारीपासून मशिनीपर्यंतचं अंतर मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी आधीच सांगून ठेवलं, "मला जाड तारेचा पाहिजे." दादा म्हणाला, "तुला काय कळतंय? गप वाजव." मला हेच ऐकायचं होतं. जाड तारेचा पिकप ओढ्यापर्यंत पोचला. बारीक तारेचा लावला तर दादा ओढा ओलांडून पलीकडच्या बांधावर चढला तरी कापड हलवतोय. ते कापड म्हणजे मास्तरांचा गुलाबी फेटा. माझ्याच मानाचा फेटा माझा भाऊ लांबून मला हलवून दाखवत होता. मी दात खाल्ले आणि आणखी जोरात तार ओढली.

आप्पा खूष झाले. दुसऱ्याच दिवशी दादानं जाड तारेची गुंडाळी कंडक्टरच्या हाती जुन्नरला परत पाठवली. म्हणाला, "त्या माणसाची फुकाट वस्तू घरात नगं." मी रुसल्याचं सोंग केलं, जेवले नाही. आईनं एकदा माझ्याकडं निरखून बघितलं.

हंगामातलं पहिलं लग्न मंचरला, भिकाजीशेठ बटाटेवाल्यांच्या मुलीचं. मांडव मोठा, गर्दी उदंड. दादानं सकाळपासून "हॅलो, हॅलो" करून कर्णे लावले, तबकड्या वाजवल्या. आम्हाला मागच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यांत बसवलं, वायर खिडकीतून काढली. दुपारी मास्तरांचं ताट आलं, लापशी, आमटी-भात, तुपाची वाटी. मी त्याला शिवले नाही, तसंच झाकून ठेवलं. गोरज मुहूर्ताच्या आधी गिटार सुरू करायची होती. बाहेरून दादानं इशारा दिला, मी तार छेडली.

डब्यात कोंडलेला भुंगा! तसा तो आवाज मांडवातून आमच्यापर्यंत आला. मी हात थांबवला नाही. वाजवत राहिले. आधी कुजबुज, मग हसू, मग कुणीतरी ओरडलं, "आरं, मास्तर झोपलं का काय?" त्यावर सगळा मांडव खिदळला. दार धडाधडा वाजलं. आईनं कडी काढली. दादा घामाघूम.

"काय केलंस?"

"वाजवतीय."

"आवाज कुठं हाय?"

"वायरीत."

त्यानं खिडकीतून गेलेल्या वायरीकडं बघितलं. मग म्हणाला, "मशिन आत आणतो." पण भटजींचा माईक त्याच मशिनीवर, आणि मुहूर्त येऊन ठेपलेला. जड बॅटऱ्या उचलून वऱ्हाडाच्या अंगावरून आत कोण आणणार? "ती जाड तारेची गुंडाळी कुठं हाय?"

"तू जुन्नरला धाडलीस की."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तेव्हा त्याला उमगलं. "तुला ठावं व्हतं! कैदाशिणे, तुला समदं ठावं व्हतं!"

"आप्पांनाबी ठावं व्हतं. चाचा चौकात उभा राहून वरडला. आता लांब वायर काढ, आखूड लाव आन मला मांडवात बसव. न्हाईतर जा, तुझ्या मास्तरांना मुंबईस्नं बोलाव."

त्यानं हात उगारला. मी मान खाली घातली नाही, मार म्हटलं. तेवढ्यात आई उठली. ती माझ्या बाजूची कधीच नव्हती. कांडी दोनदा तिनंच विहिरीत टाकायला नेली होती. तिनं गिटार माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या काखेत मारली आणि म्हणाली, "वसंता, दारातनं सर."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय म्हणत्यात ते ऐकतीया मी. सर."

आणि ती पुढं झाली. परसातून, मुदपाकखान्यातून, बायकांच्या घोळक्यातून माझी आई गिटार घेऊन पुढं आणि मी मागं. मांडवात ॲम्प्लिफायरजवळ आप्पा उभे होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. आईनं सतरंजीवर गिटार ठेवली, मी मांडी घातली, आखूड वायर माझी मीच लावली. कुणीतरी शिट्टी मारली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "पोरगी हाय का ही?" माझे हात थरथरत होते, आणि ती थरथर कांडीतून तारेवर उतरली, आणि बारीक तारेच्या पिकपनं तीसुद्धा उचलली. पहिला सूर कापत कापत गेला आणि सबंध मांडवावर पसरला. मग मात्र मी कुणाकडं बघितलं नाही. किती वेळ वाजवलं ठाऊक नाही. मध्येच एकदा डोळे उघडले तर मांडव चिडीचूप, आणि आप्पा तोंड फिरवून उभे. पण त्यांचा हात आवाजाच्या बटणावर होता आणि त्यांनी आवाज कमी केला नव्हता.

पुष्कळ जण मला विचारतात, वाईट नाही वाटलं का, बापाच्या धंद्याची भर मांडवात फजिती केलीस. नाही वाटलं. त्यांनी मला पोत्यांत बसवलं, त्यांना वाईट वाटलं होतं का? त्या दिवसानंतर दादा कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही, आणि मीही त्याची मनधरणी करायला गेले नाही.

अक्षता पडल्यावर भिकाजीशेठ मानाचा फेटा घेऊन आले. सवयीनं दादाकडंच वळले आणि विचारलं, "मास्तर कुठं हायेत वो? आज तरी दर्शन घडवा."

दादा तोंड उघडणार, तोच आई बोलली. इंजिनावर आवाज चढवायची सवय असलेली बाई ती, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "मास्तर कुणी न्हाईत, शेठ. कदीच नव्हते. समदीकडं हीच वाजवीत व्हती. माझी लेक हाय."

शेठ फेटा हातात धरून गोंधळून उभे राहिले. पोरीच्या डोक्याला फेटा बांधायचा रिवाज नव्हता, आणि दादाचं डोकं तर समोर उघडंच होतं. मग आईनं पदर पसरला, आणि त्यांनी फेटा त्या पदरात घातला.

पंगती बसल्या. मी परसातल्या बायकांच्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत बसले. शेजारची बाई माझी बोटं धरून बघत होती. तेवढ्यात दादा मागून आला, वाकून दातओठ खात म्हणाला, "झालं समाधान? सकाळधरनं पोटात घास न्हाई माझ्या, तुझ्यापायी."

मी भातावर आमटी घेतली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाले, "आत मास्तरांचं ताट झाकून ठेवलंय. जा, तू खा."

तो वळून आत गेला. पंगतीत बसल्या बसल्या मला त्या मागच्या खोलीची कडी आतून लावल्याचा आवाज आला.